बाप्तिस्म्याआधीचे आठ दिवस

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हे हाताच्या सवयीने लिहून झालंय, त्याने हुरळून जाऊ नकोस.

तू बाप्तिस्मा घेणार हे आईने फोनवर रडत रडत सांगितलं. आनंदाने रडत होती बिचारी. तान्हेपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी तुला आता पुरत नाही म्हणे. जाणतेपणी, स्वतः विश्वास कबूल करून, अख्खं बुडून वर यायचंय. छान. नऊ वर्षांपूर्वी मी चर्चमधल्या त्याच टाकीत उतरले होते. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली पाणी, आणि ते कितीही तापवलं तरी पायाला गारच लागतं.

बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात तू म्हणालास म्हणे, की एकदा पाण्यात गेलं की जुनं सगळं धुऊन निघतं. पाळकांनी तिथल्या तिथे तुला सुधारलं: पाणी काही धूत नाही, मन आधी बदलतं, पाणी फक्त त्याची साक्ष देतं. आईने हे कौतुकाने सांगितलं आणि मी पोट धरून हसले. अरे, तुला बाप्तिस्मा नको, धोबी हवाय!

साक्ष तर तू पूर्वीही दिली होतीस. बाबांच्या बेकरीतल्या भट्टीचा गॅस चालू ठेवून तू मॅच बघायला पळालास. भडका उडाला, बाबांचा उजवा हात भाजला, आणि तू डोळ्यांत पाणी आणून माझं नाव घेतलंस. पीठ मळणारा तो हात पुन्हा कधी धड मिटला नाही. बाबांनी मला भट्टीपाशी फिरकू दिलं नाही. बेकरी तुझी झाली. बाबा गेले तेही मलाच दोषी धरून. मला तुझा राग येतो, आजही, अगदी प्रार्थनेला बसल्यावरसुद्धा.

आता तुझी चिठ्ठी आलीय, की रविवारी घरचं माणूस म्हणून मी टाकीच्या काठाशी उभं राहावं. म्हणजे रीतीप्रमाणे पाळक मला विचारणार, याच्यात बदल झालेला तुम्ही पाहिलाय का? तुला वाटलं, ताई मान डोलावेल. येतेय मी. आई पहिल्या बाकावर असेल, आणि मी खणखणीत आवाजात 'नाही' म्हणणार आहे; का, तेही सांगणार आहे. आधी कळवतेय ते दया म्हणून नव्हे, आठ दिवस तुझ्या घशाखाली घास उतरू नये म्हणून. सुटका एकच. त्याआधी आईसमोर बस आणि गॅस कोणी चालू ठेवला होता ते सांग. सांगितलंस तर मी 'होय' म्हणेन, कारण तेव्हा ते खरं असेल. माफीचं मात्र विचारू नकोस.

तुझीच,
ताई