चालू ठेवलेलं इंजिन

धुळे, रविवार, १७ मे, संध्याकाळ

आज माझाच मला राग आलाय. थोरल्या बहिणीला, अक्काला, माझ्या जुन्या मोटारीतून भडगावला नेलं. तिची बालमैत्रीण सुमन अंथरुणाला खिळलीय, तिला भेटायला. गाडी तापल्यावर बंद केली की तासभर चालू होत नाही, म्हणून सुमनच्या दारात इंजिन चालूच ठेवलं. आत दोघी हातात हात घेऊन बसलेल्या, अन् पेट्रोल जळतंय म्हणून मी बाहेरून हॉर्न देतोय! अक्का चहा अर्धा टाकून उठली.

"नाना, तुनी मोटर शे का वरातना घोडा? उभी ऱ्हातच नही."

मी हसलो. ती नाही हसली.

तिला घरी सोडून बॉनेट उघडलं. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाला टेकलेली, म्हणून नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची. मीच तशी बसवलेली! दोन बोटं लांब बांधली. गाडी तापवली, बंद केली, किल्ली फिरवली. लगेच चालू. दहा मिनिटांचं काम, मग काल का नाही पाहिलं? आणि तो हॉर्न... कशाला दिला मी?

अक्काला फोन केला. म्हटलं, गाडी सुधारली, उद्या परत जाऊ, दिवसभर बस सुमनजवळ.

"ऱ्हाऊ दे, नाना. मी एसटीमा जासू."