पहिल्या ओळीतला श्री

तुडील, रविवार, १५ मे १९६६

सुट्टीवर घरी आलोय, पण डोक्यात फोरट्रान, गणकयंत्राची ती भाषा. गुरुवारी मुंबईच्या ऑफिसात प्रोग्राम लिहून दाखवायची दुसरी आणि शेवटची संधी. तीही वाया गेली तर पुन्हा टायपिंगचं टेबल.

पहिल्या वेळी सवयीने सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांत 'श्री' लिहिला आणि यंत्राने अख्खा प्रोग्राम नाकारला. साहेब हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून आज पडवीत सराव करताना श्री लिहिलाच नाही. आबांनी कागद उचलून पाहिला.

"वर श्री नाय? असा कागद सुरू करतात काय रे?"

वडिलांना काय सांगणार! चिडून फोरट्रानचं पुस्तक उघडलं. ओळीच्या पहिल्या रकान्यात इंग्रजी 'सी' घातला की ती ओळ यंत्र सोडून देतं. हे पान मी फालतू समजून दोनदा ओलांडलं होतं! 'सी' घातला, पुढे श्री लिहिला.

"पण यंत्र ही ओळ वाचणार नाय, आबा."

"त्यानं कशाला वाचाया पायजे? माणसासाठी असतो श्री."

पुस्तकात त्या ओळीबद्दल नेमकं हेच लिहिलंय. आबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.