गणेशोत्सवातील दहशतवाद्याच्या आवाजाबाबत

दिनांक: १८ नोव्हेंबर २००९

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
इंटरनेट दक्षता कक्ष,
भाईंदर (पूर्व)

विषय: देखाव्यातील दहशतवाद्याला आवाज दिल्यावरून माझ्या मुलाची चाललेली चौकशी थांबवून, त्याला खऱ्या माणसापासून वाचवण्याबाबत.

संदर्भ: आपल्याच कक्षाचे गणेशोत्सव देखावा स्पर्धेचे परिपत्रक (आपल्याकडील प्रत सापडत नाही, असे मला सांगण्यात आले).

महोदय,

मी श्रीमती मनोरमा काशीनाथ घवाळी, राहणार इंद्रलोक, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली टंकलेखिका. साहेबांनी न वाचता सही केलेली पत्रे टाइप करण्यात माझी सारी नोकरी सरली, त्यामुळे हा अर्ज आपण पूर्ण वाचाल अशी माझी समजूत नाही. म्हणून मुद्दा आधी लिहिते. माझा मुलगा अभिनव दहशतवादी नाही, पण एक माणूस त्याला तसा करू पाहत आहे, आणि त्या कामी आपला कक्ष त्या माणसाला मोलाची मदत करीत आहे.

आता हकिकत. यंदा आपण मंडळांच्या देखाव्यांसाठी "इंटरनेटवरील दहशतवादी प्रचार: धोके व उपाय" हा विषय ठरवून दिलात आणि पहिल्या नंबराला फिरती ढाल जाहीर केलीत. ढाल म्हटल्यावर आमच्या मंडळाचे अध्यक्ष श्री. आत्माराम भोस्तेकर यांच्या अंगात आले. त्यांनी थर्माकोलचा खोलीएवढा कॉम्प्युटर उभा केला. त्याच्या पडद्यातून तोंड बांधलेला पुतळा वर यायचा आणि लोकांना भडकवणारे भाषण करायचा. मग पुठ्ठ्याचा पोलीस येऊन त्याला उत्तर द्यायचा आणि बाप्पांचा हात आशीर्वादाला उठायचा. पुतळ्याचे भाषण अभिनवने लिहिले आणि म्हटले. त्याला कॉलेजपासून नाटकाचे वेड आहे, आणि असली भाषणे कशी असतात हे त्याने आपल्या परिपत्रकातल्या सूचनेनुसारच इंटरनेटवर पाहून घेतले. पोलिसाचे उत्तर मात्र आपल्या कार्यालयाकडून लेखी आले: "सदर प्रचार आक्षेपार्ह असून नागरिकांनी त्यास बळी पडू नये, तसेच अनोळखी वस्तूस हात लावू नये." एवढे वाक्य आपले हवालदार श्री. गुणवंत यांनी नाकात वाचून रेकॉर्ड केले.

व्हायचे तेच झाले. पुतळा बोलायला लागला की रस्ता भरायचा आणि पोलीस बोलायला लागला की लोक प्रसादाच्या रांगेकडे वळायचे. आमच्या बिल्डिंगमधली पोरे जिन्यात दहशतवाद्याचे भाषण पाठ म्हणू लागली. पोलिसाचे वाक्य त्यांतल्या एकालाही येत नाही. परीक्षणाला आपण स्वतः आलात, भाषणाला टाळ्या वाजवल्यात, आणि आपल्याच कार्यालयाचे उत्तर सुरू होताच मोबाइल कानाला लावून बाहेर गेलात. पहिला नंबर आम्हालाच मिळाला.

पुढे कोणीतरी मोबाइलवर घेतलेले ते भाषण इंटरनेटवर चढवले. फक्त भाषणच, कारण उत्तरापर्यंत थांबायला वेळ होता कोणाला. मग आपल्या कक्षाला "मराठीतील घातक दहशतवादी व्हिडिओ" सापडला. बोलणाऱ्याचा माग कसा काढलात, तर मंडळाच्या फ्लेक्सवर "आवाज: अभिनव घवाळी" असे छापलेले होते. त्याच फ्लेक्सवर "मार्गदर्शक" म्हणून आपला गॉगल लावलेला फोटो होता. तो तपासातून कसा निसटला याचे मला कौतुक वाटते.

तेव्हापासून दर सोमवारी अभिनवला आपल्याकडच्या बाकावर दिवसभर बसवले जाते. भाषणातले विचार कोठून आणलेस, या प्रश्नाला त्याने "तुमच्या परिपत्रकातून" असे खरे उत्तर दिले. त्याची नोंद "उडवाउडवी" अशी झाली. अंधेरीच्या ज्या कुरिअर कंपनीत तो होता, तिने पोलिसांचा दाखला येईपर्यंत घरी बसायला सांगितले. मी विचारायला गेले की श्री. गुणवंत म्हणतात, "काकू, टेन्शन नका घेऊ. बसवलाय फक्त. चहा पाजतोय ना त्याला." ढाल डोक्यावर घेऊन नाचलेले श्री. भोस्तेकर आता आम्ही समोर दिसलो की वाकून बुटाची लेस बांधू लागतात. पायात चप्पल असली तरी.

तो व्हिडिओ तरी काढून टाकावा, अशी मी तोंडी विनंती केली. तेव्हा कळले की दक्षता कक्षातल्या कॉम्प्युटरला सुरक्षेच्या कारणास्तव इंटरनेटच जोडलेले नाही. सबब श्री. गुणवंत जेसल पार्कच्या एका सायबर कॅफेत जाऊन तो व्हिडिओ रोज पाहतात आणि बाजूला बसलेल्यांनाही दाखवतात. त्यामुळे पाहणाऱ्यांचा आकडा वाढतो, आणि तोच आकडा "व्हिडिओचा वाढता प्रभाव" म्हणून अभिनवच्या कागदांत चढतो. मूर्ख फायली मी आयुष्यात पुष्कळ टाइप केल्या, पण स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करणारी फाइल मला या वयात पाहायला मिळाली.

इथवर रागाने लिहिले. पुढचे भीतीने लिहीत आहे, तेवढे कृपया वाचावे.

त्या व्हिडिओखाली एका माणसाने अभिनवसाठी निरोप ठेवला. मग ईमेलचा पत्ता मिळवला, आणि आता तो रोज लिहितो. भाषण खोटे होते, देखाव्यापुरते होते, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आपल्या कक्षाला जे अजून पटलेले नाही ते त्याला एकदा ऐकून कळले. तो धमकी देत नाही, शिवी देत नाही. "जेवलास का भावा?" असे विचारतो. सोमवारी संध्याकाळी "आज पण बसवलं का रे तुला?" असे विचारतो. नोकरी थांबली तेव्हा समजूत त्यानेच काढली. गेल्या आठवड्यात त्याने लिहिले, तुझ्या आवाजात दम आहे, आमच्यासाठी बोल. भाषण तेच चालेल, फक्त शत्रूचे नाव बदलायचे.

ते निरोप छापून घेऊन मी कक्षात आले. श्री. गुणवंत यांनी आपल्याकडील धोक्याच्या शब्दांच्या यादीशी ते ताडून पाहिले आणि परत दिले. "यात काय नाय काकू. जेवलास का विचारणं काय गुन्हा आहे? उलट चांगला माणूस दिसतोय." साहेब, तोंड बांधलेला पुतळा आपल्याला ओळखता आला, कारण मंडळाने तो तसा रंगवला होता. हा माणूस तोंड बांधून येत नाही. इतक्या सोमवारांत आपल्यापैकी एकाने जरी माझ्या मुलाला माणसासारखे विचारले असते, तरी याचे काम इतके सोपे झाले नसते. याची आपल्या कक्षाला लाज वाटेल, अशी अपेक्षा मी सोडली आहे.

या माणसाने अभिनवला येत्या रविवारी उत्तनला, समुद्रावर, भेटायला बोलावले आहे. तरी माझे मागणे असे की, अभिनवची चौकशी बंद करून कंपनीला द्यायचा दाखला त्याच्या हाती द्यावा, आणि रविवारी उत्तनला कोणीतरी शहाणा अधिकारी साध्या कपड्यांत पाठवावा. शक्यतो श्री. गुणवंत नकोत.

हे सर्व मला कोणत्याही तपासातून कळलेले नाही. त्या माणसाचे निरोप अभिनव रोज जेवताना मला स्वतः वाचून दाखवतो. सुरुवातीला आम्ही मायलेक त्यांवर खूप हसायचो. परवा त्याने वाचून दाखवले, पण तो हसला नाही. काल त्याने निम्मेच वाचले.

अजूनपर्यंत तरी आपली नम्र,

(सही)
मनोरमा काशीनाथ घवाळी
इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)

सोबत: सदर माणसाच्या निरोपांच्या छापील प्रती, कालचा सोडून.