बोला, ताई

ता. ३
नोकरी लागली. मर्दानी ताकदीच्या गोळ्या विकणारी कंपनी. ग्राहकांचे फोन घ्यायचे. खिडकीजवळचं टेबल, न डुगडुगणारी खुर्ची, आणखी काय हवं? साहेब म्हणाले, काडीपैलवान, खुर्ची मोडू नकोस हं. मीही हसलो. इथे चहाबरोबर रोज एक गोळी फुकट मिळते. मी खिशात टाकली.
धाकट्या भावाचं इथे कुणाला सांगितलं नाही. त्याच्या कपाटात याच गोळ्यांचे अकरा डबे निघाले. सव्विसाव्या वर्षी हृदय बंद पडलं. गोळ्यांत काय असतं ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

ता. ५
धाकट्याचा आवाज बारीक. फोनवर लोक त्याला ताई म्हणायचे. त्याने घरी फोन केला की मीही मुद्दाम म्हणायचो, बोला, ताई. तो हसायचा. मग त्याने गोळ्या सुरू केल्या. हे आईलाही ठाऊक नाही.

ता. ९
नव्या ग्राहकांचे आवाज वेगवेगळे असतात. जुन्या सगळ्यांचा एकच. जाड, घोगरा, रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फरक पडतो म्हणायचं, डबा पाठवायचा, डोकं चालवायचं नाही.

ता. १२
दुपारी पुन्हा तो आवाज. पुढचा डबा हवा म्हणाला. पत्ता आमच्याच घराचा दिला. मग म्हणाला, दादा, एकदा ‘बोला, ताई’ म्हण ना.
मी फोन ठेवला. धाकट्याला जाऊन चार महिने झाले.

ता. १३
आजपासून प्रत्येकाला सांगतोय, गोळी घेऊ नका. साहेबांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत. स्वतः चहा पाजला. कडू होता. नंतर खुर्चीवर टांगलेल्या जाकिटाचा खिसा चाचपला. इतक्या दिवसांच्या जमवलेल्या गोळ्या — एकही नाही.

ता. १५
घसा जड. आईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय?

ता. १६
गोळी घेऊ नका म्हणायला जातो — तोंडातून निघतं, फरक पडतो. जुन्या ग्राहकांच्या त्याच घोगऱ्या आवाजात.
आवाज गेला तर जाऊ दे. अक्षर माझंच आहे. मागच्या खोलीत बांधायला ठेवलेल्या प्रत्येक डब्यात ‘घेऊ नका’ अशी चिठ्ठी टाकतोय. साठ झाल्या. साहेब दारात उभे आहेत. राहू देत उभे.
फोन वाजला. उचलला — तोच, दादा म्हणणारा. तोंडाने म्हणता येत नाही, म्हणून इथे लिहितो. बोला, ताई. अरे, तुझा तो बारीक आवाजच मला —