वेळ सांगणाऱ्या बाईकडे वळवलेला धाकटा भाऊ

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
ग्राहक सेवा-मांडणी नोंद विभाग,
मोबाईल व चित्रफोन जाळे कार्यालय, दुसरा मजला.
(जिन्याजवळची खिडकी क्र. ४ नव्हे. तिथे तीनदा जाऊन झाले.)

अर्जदार: घड्याळजी, वय एकसष्ट.
अर्ज लिहिणार: अर्जदाराची पत्नी. अर्जदारांचे अक्षर भिंगाशिवाय वाचता येत नाही, आणि आपल्या कार्यालयात भिंग असेलच असे नाही.

विषय: अर्जदारांनीच सहा वर्षांपूर्वी केलेली व आता अर्जदारांनाच पुसता न येणारी नोंद रविवारच्या आत पुसून मिळणेबाबत.

संदर्भ: १) खिडकी क्र. ४ वरील तोंडी नकार. २) तेथीलच दुसरा नकार, पहिल्यापेक्षा मऊ. ३) आपल्या तंत्रज्ञांनी कपाळाला हात लावून दिलेला तिसरा.

महोदय,

१. अर्जदार गेली चौतीस वर्षे घड्याळे दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात एकोणचाळीस घड्याळे एकच वेळ दाखवतात, आणि एखादे अर्धा मिनिट मागे पडले तर अर्जदारांना घास जात नाही. दुकानाच्या मोबाईल क्रमांकाची सेवा-मांडणी आपल्या विभागात आहे. सेवा-मांडणी म्हणजे काय, हे पत्नीला खिडकीवर समजावून देण्यात आले ते असे: कोणाचा फोन आला तर कोणती धून वाजवायची, समोरच्याच्या पडद्यावर कोणते चित्र दाखवायचे, कोणाचा फोन घ्यायचा आणि कोणाचा दुसरीकडे वळवायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे व आपण जपून ठेवायचे. एक प्रत फोनमध्ये, दुसरी आपल्या सर्व्हरवर. दोन्हींत फरक पडला, तर जिच्यावर नंतरची तारीख ती खरी. व्यवस्था चोख आहे. तिच्याविरुद्ध अर्जदारांची काही तक्रार नाही, आणि अर्ज नेमका त्यामुळेच अवघड झाला आहे.

२. अर्जदारांना एक धाकटा भाऊ आहे. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. हात सोन्याचा, पण वेळेशी उभे वैर. सहा वर्षांपूर्वी अर्जदारांनी दुकान नव्या जागेत हलवले, तेव्हा पाहुणे सकाळी दहाला बोलावले होते. पाटी दीडला आली. पाटी देखणी होती आणि ओली होती. दोन पाहुण्यांच्या बाह्या निळ्या झाल्या. अर्जदार सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला वेळ कळत नाही. आधी वेळ शिकून ये, मग तोंड दाखव." धाकट्याने ब्रश पुसला, शिडी खांद्यावर घेतली आणि तो चहासुद्धा न घेता गेला.

३. त्या संध्याकाळी अर्जदारांनी कामाच्या टेबलाशी बसून आपल्या सेवा-मांडणीत एक ओळ भरली. धाकट्या भावाचा फोन आल्यास तो वेळ सांगणाऱ्या सेवेकडे वळवावा. या सेवेत एक बाई गोड आवाजात किती वाजले ते सांगते आणि पडद्यावर घड्याळाची तबकडी दिसते, हे आपणांस माहीतच आहे. ओळ भरून झाल्यावर अर्जदार मोठ्याने हसले, ते पत्नीने आतून ऐकले होते. राग चार दिवसांत उतरला. ओळ मात्र ते साफ विसरले. पुढची सहा वर्षे अर्जदार जेवताना एकच वाक्य बोलत आले, की पठ्ठ्याने एक फोन केला नाही.

अर्जदारांची हरकत: जेवताना नव्हे. जेवणानंतर, हात धुताना.

४. दोघी जावांचे बोलणे कधी बंद नव्हते. फक्त नवऱ्यांचा विषय काढायचा नाही, एवढा नेम दोघींनी पाळला होता. गेल्या महिन्यात तो धाकटीने मोडला. म्हणाली, "ताई, आता तरी दादांना सांगा, ती घड्याळातली बाई बंद करा म्हणावं. दर रविवारी तिचं ऐकून ऐकून माणूस थकला."

दुकानाच्या क्रमांकावर धाकट्याकडून आलेल्या फोनांची यादी पत्नीने खिडकी क्र. ४ वरून मागवली. यादीत दोनशे त्र्याण्णव फोन आहेत, सगळे रविवारचे. पहिल्या वर्षीचे पावणेअकराला, सव्वाअकराला, एकदा तर साडेबाराला. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते दहाच्या दिशेने सरकू लागतात. शेवटच्या दोन वर्षांतले सगळे बरोबर दहाला आहेत. अर्जदारांनी ही यादी दुकानात उभ्याउभ्याच वाचली. मग पत्नीला विचारले, माझा चष्मा कुठे ठेवलास. चष्मा नाकावर होता.

अर्जदारांची हरकत: ते फोन बरोबर दहाला नसून दहा वाजून दोन ते चार सेकंदांनी आहेत.

लिहिणारीचा शेरा: हरकत नोंदवली. यावरून अर्जदारांच्या स्वभावाची कल्पना यावी.

५. अर्जदारांनी ती ओळ त्याच दिवशी फोनमधून पुसली. फोन म्हणाला, पुसली. दुसऱ्या दिवशी ओळ परत जागेवर. असे नऊ वेळा झाले. शेवटी आपल्या तंत्रज्ञांनी सर्व्हरवरची प्रत उघडली आणि आपल्या सहकाऱ्यालाही बघायला बोलावले. त्या ओळीवर आजपासून सहा वर्षांनंतरची तारीख आहे.

याचा खुलासा अर्जदारांनाच करता आला, आणि तो करताना ते खिडकीवर प्रथमच खाली बघून बोलले. भांडणाच्या त्या दिवशी त्यांच्या टेबलावर तारीख-वार दाखवणारे एक जुने घड्याळ दुरुस्तीला होते. असे घड्याळ लीप वर्षे बरोबर धरते की नाही हे तपासायला अर्जदार ते बारा वर्षे पुढे फिरवतात, आणि वार पडताळण्यासाठी शेजारी आपल्या फोनचीही तारीख बारा वर्षे पुढे करून ठेवतात. ही त्यांची पद्धत आहे. दुसरा कोणी घड्याळजी इतके करत नाही, हे ते अभिमानाने सांगत असत. हल्ली सांगत नाहीत. तर ओळ भरली तेव्हा फोन बारा वर्षे पुढे होता. तेव्हापासून सर्व्हरच्या दृष्टीने अर्जदारांनी काहीही केले, तरी ते आधीचे ठरते. त्यांचा पश्चात्तापही तारखेने जुना आणि राग नवा.

६. आपल्या कार्यालयाने सुचवलेले उपाय अर्जदारांनी पुढीलप्रमाणे करून पाहिले आहेत.

फोन पुन्हा पुढच्या तारखेला नेऊन ओळ पुसणे. जमले नाही. चार वर्षांपासून नोंदीवर तारखेचा शिक्का फोनचा नसून आपल्या कार्यालयाचा पडतो.

कर्मचाऱ्याने हाताने ओळ पुसणे. नकार मिळाला. ग्राहकाने ठरवलेल्या मांडणीला कर्मचाऱ्याने हात लावायचा नाही असा नियम आहे. नियम चांगला आहे. पत्नीने तो पाठ केला आहे.

नवा क्रमांक घेणे. त्याचे उत्तर कलम ७ मध्ये येईल.

सहा वर्षे थांबणे. हे सुचवणारे गृहस्थ तरुण होते, म्हणून अर्जदारांनी मनावर घेतले नाही.

७. धाकट्याच्या मुलीचे, म्हणजे अर्जदारांच्या एकुलत्या एका पुतणीचे, या महिनाअखेर लग्न आहे. अर्जदारांनी आपण होऊन भावाला फोन केला, तो त्याने उचलला नाही. पत्नीच्या फोनवरून केला, तोही नाही. जावेकडून निरोप आला तो जसाच्या तसा देत आहे, कारण त्यात फिरवण्यासारखे काही नाही: "मी सहा वर्षं केला, आता शेवटचा करणार. दादाच्या दुकानाच्या नंबरावर, रविवारी दहाला. दादाने उचलला तर दादाला लग्नाचं बोलावणं. त्या बाईने उचलला तर बाईला."

क्रमांक का बदलता येत नाही, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. खरा प्रकार जावेने त्याला दोनदा समजावून सांगितला. सर्व्हर, शिक्का, लीप वर्ष, सगळे सांगितले. तो म्हणाला, बहाणा करावा तर दादानेच, इतका बारीक दुसऱ्याला सुचणार नाही.

८. सरळ त्याच्या दारात जाऊन उभे राहा, असे पत्नीने सुचवले होते. मंगळवारी अर्जदार गेले. गल्लीच्या तोंडाशी वीस मिनिटे उभे राहिले. मग भावाच्या शेजाऱ्याचे बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ दुरुस्त करून परत आले. विचारले तर म्हणाले, बोलावल्याशिवाय थोरल्याने जायचे नसते. ज्याचा दोष त्याने आधी जावे, असे पत्नीचे मत आहे. पण दोघे भाऊ एकाच आईच्या हातचे जेवलेले, त्यामुळे या मतावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. बुधवारी अर्जदारांनी आलेल्या तीन गिऱ्हाइकांना चुकीची घड्याळे परत दिली. चौतीस वर्षांत असे झाले नव्हते.

९. आपल्या तंत्रज्ञांनी तिसरा नकार देताना बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. वेळ सांगणारे यंत्र याच इमारतीत, मागच्या खोलीत आहे. बाई नीट बोलते की नाही हे ऐकण्यासाठी त्याला एक चाचणीचा फोन जोडलेला असतो. तो उचलला की बाई गप्प होते आणि त्या वेळी तिथे आलेल्या कॉलवर उचलणाऱ्याला बोलता येते. हे अर्जदारांनी ऐकून घेतले. काल त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला आहे.

१०. तरी अर्जदारांची विनंती अशी:

(अ) आपल्या अधिकारात नियम एकदा बाजूला ठेवून ती ओळ पुसावी.

(आ) ते शक्य नसेल, तर ओळीला हात न लावता, धाकट्याचा फोन जिथे वळवला आहे तिथेच थोरल्याला बसवावे. म्हणजे रविवारी दहा वाजता अर्जदारांना वेळ सांगणाऱ्या यंत्राशेजारी बसण्याची व तो चाचणीचा फोन उचलण्याची परवानगी द्यावी. त्या मिनिटाला दुसऱ्या कोणी वेळ विचारली, तर तीही अर्जदार सांगतील. या बाबतीत आपल्या बाईपेक्षा त्यांच्यावर अधिक भरवसा ठेवता येईल, हे पत्नी शपथेवर लिहून देते.

भावाशी काय बोलणार, असे पत्नीने विचारले. अर्जदारांनी एका चिठ्ठीवर तीन वाक्ये लिहिली, दोन खोडली. उरले ते असे: "बोल धाकट्या, मीच आहे." एवढ्याला अर्धा मिनिटही लागत नाही. आम्ही घड्याळ लावून पाहिले आहे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेले, नम्र,
(सही) घड्याळजी
अर्जदारांच्या वतीने लिहिले, त्यांना वाचून दाखवले, हरकतींसह मान्य. (सही) पत्नी
गुरुवार, दुपार.

सोबत: १) दोनशे त्र्याण्णव फोनांची यादी. २) तारीख-वार दाखवणाऱ्या घड्याळाच्या दुरुस्तीची पावती, पुरावा म्हणून. ३) नऊ वेळा "पुसले" असे म्हणणाऱ्या पडद्याचे नऊ फोटो.

कार्यालयीन शेरा:
विनंती (अ): नियमानुसार अमान्य.
विनंती (आ): याबाबत नियम आढळला नाही. रविवारी कार्यालय बंद असते. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे, मी येईन. यंत्राच्या खोलीत खुर्ची एकच आहे. ती अर्जदारांस द्यावी, अर्जदारांच्या पत्नीस माझ्या टेबलामागची द्यावी. मी उभा राहीन.
(सही) मुख्य अधिकारी