विचारून घेतलेला पाव

इविरुआ, मांगाइया बेट
सोमवार

प्रिय नूरोआदादा,

आईला जाऊन महिना होत आला. फोनवर मला काही सुचत नाही आणि तूही गप्प असतोस, म्हणून लिहायला बसले आहे. एक सांगायचं राहिलं होतं. तिने स्वतः शिवलेली लाल फुलांची गोधडी, जी ऑकलंडच्या घरी ती कोणाला अंगावर घेऊ देत नसे, तिच्यातच तिला गुंडाळून शवपेटीत ठेवलं. इथल्या रीतीप्रमाणे अंगणातच पुरलं आहे. सकाळी दार उघडलं की आधी तिकडेच नजर जाते.

माझं परतीचं विमान मी सोडलं. कामावर दोनदा रजा वाढवून मागितली, आता तिसऱ्यांदा देणार नाहीत. कारण त्या दोघी. तेमाता नऊ वर्षांची, रूता सहाची. आई ऑकलंड सोडून इथे परतली आणि गेल्या वर्षी तिने त्यांना पोसायला घेतलं, तेव्हा फोनच्या कोपऱ्यात हात हलवताना त्या दिसायच्या, तेवढीच माझी त्यांची ओळख. त्या आपल्या बहिणी आहेत हे कळत होतं, वाटत मात्र नव्हतं. पहिल्या दिवशी रूताने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तू फोनमधली ना? त्यात बारीक दिसतेस."

मी इथे परकीच आहे, दादा. भाषा येते, चालीरीती ऐकून माहीत आहेत, पण हाताला काही येत नाही. तेमाता मला तारोच्या खाचरात घेऊन गेली, रूता मागोमाग. मी गुडघाभर चिखलात उभी राहून कंद उपटले आणि वरचे देठ बांधावर फेकून दिले. तेमाताने ते सगळे गोळा केले आणि पुन्हा चिखलात रोवले. मग म्हणाली, "हे टाकून दिलं तर पुढच्या वर्षी काय खाणार? तुझे बूट?" दोघी इतक्या हसल्या की रूता चिखलात बसली. मीही हसले, आई गेल्यापासून पहिल्यांदा. घरी येताना तेमाता सहज म्हणाली, "आपली आई तर ओरडलीच असती तुला." मी हो म्हटलं. पण माझी आई म्हणायचा हक्क कोणीतरी न विचारता वाटून घेतल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

त्यानंतर मी जे केलं ते तुला सांगायलाच हवं. त्यांची जन्मदाती आकाइती चर्चच्या पलीकडे, इथून चार घरांवर राहते. रोज येते, मुली तिला नावाने हाक मारतात, ती त्यांच्या वेण्या घालून जाते. मी विचार केला, ज्या बाईने यांना घेतलं ती राहिली नाही, मग यांनी आपल्या आईकडे जावं हेच सरळ. आपण जिथे वाढलो तिथे कोणीही हेच म्हणालं असतं. मी दोन पिशव्या भरल्या आणि मुलींना घेऊन तिच्या दारात गेले.

आकाइती नारळ खवत होती. पिशव्या बघून तिचा हात थांबला. "यांनी काही खोडी केली?" मी नाही म्हटलं. "मग तुझ्याशी भांडल्या?" तेही नाही. तेव्हा ती हळू म्हणाली, "तुझ्या आईने यांना भरवलंय, पोरी. भरवलेलं मूल मी परत कसं घेऊ? तिने नीट भरवलं नाही असं सांगायला आलीस का गावाला?" तिने चांगली चटई अंथरली, पाहुण्यांच्या ताटल्या काढल्या आणि आम्हा तिघींना जेवायला बसवलं, स्वतःच्या पोटच्या मुलींनासुद्धा पाहुण्यांसारखं. मग दोन्ही पिशव्या खांद्यावर टाकून भर रस्त्याने आमच्याबरोबर चालत आली, वाटेत भेटेल त्याला सांगत, "माझ्याकडे जेवायला आल्या होत्या." सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांना कळलं होतं.

गावाने ते विसरल्यासारखं केलं, मुलींनी नाही. त्या दिवसापासून तेमाता चिखलात माझी चेष्टा करत नाही. रूता पावाच्या डब्याजवळ उभी राहते आणि विचारते, "एक घेऊ का?" हा तिच्या घरातला पाव आहे. आधी ती दोन तोंडात आणि एक हातात घेऊन पळायची. मी "घे" म्हणते, ती घेते. पण "घे" म्हटलं तरी ती परवानगीच होते ना? "विचारायचं नाही" असं एकदा ठणकावून सांगितलं, तर त्या दिवशी तिने पावच खाल्ला नाही. इथे राहू, की यांना घेऊन ऑकलंडला जाऊ, काही ठरत नाही. घर कोणतंही असो, त्या तिथेही विचारूनच खातील असं वाटतं.

आणि मग तू आठवलास. फ्रिज उघडण्याआधी तू विचारायचास, माझे मित्र त्यावरून तुला चिडवायचे, मीही हसायचे. आईने तुला याच बेटावरून, बहिणीच्या घरातून पोसायला आणलं होतं हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर कोणी बोललंच नाही. आई गेली त्या दिवशी तू पर्थहून फोन केलास आणि विचारलंस, "मी येऊ का?" मी म्हटलं, "जमत असेल तर ये." तू आला नाहीस आणि मी तुझ्यावर रागावून बसले. तू विमानाचं विचारत नव्हतास, हे मला रूता डब्यापाशी उभी राहिल्यावर समजलं. म्हणून हे पत्र. लहानपणी आम्ही तुला नेमकं काय म्हणायला हवं होतं, ते मला सांग. मला ते या दोघींना म्हणायचं आहे. फोनवर नको, इथे येऊन सांग. शवपेटीच्या उशाशी थोरल्या मुलाची जागा असते. तिथे मी कोणाला बसू दिलं नव्हतं.

तुझीच,
तेरेआपी