बाबांच्या कानावरचे दोन हेडफोन

पाचपावली, नागपूर
दि. ९ सप्टेंबर १९७९

चि. चंद्रभान यास प्रेमिलाताईचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र अन् फोटो मिळाला. आईनं फोटो पाहून एवढंच म्हटलं का पोट्टा वाळला. तिचे गुडघे बरे आहेत, काळजी करू नको. इथं धुतलेली चादर अजून दोन-दोन दिवस वाळत नाही, अन् तू तिकडे कुवेतात उन्हानं भाजून राहिला.

मोठी बातमी म्हणजे मी आकाशवाणीची ऑडिशन पास झाली. अकरा डिसेंबरले संध्याकाळी पंधरा मिनिटं, दोन गाणी. शाळेत मी शिकवते त्या वर्गातल्या पोरींनी फळ्यावर माझं नाव लिहून फुलं काढली. बाबा तर दुसऱ्याच रविवारी जुन्या बाजारातून हेडफोन घेऊन आले. मिलिट्रीच्या सामानातला, काळा, दोन्ही कानांवर लोखंडी वाट्या ठेवल्यासारखा. रोज शाळेतून आली का पाहते, रेडिओत पिन खुपसून बसलेले असतात, मान डोलवतात. काय सुंदर ऐकू येऊन राहिलं म्हणतात. कानाच्या पाळ्या लालभडक होतात, पण काढत नाहीत.

परवा मी घरी आली तर आईनं रेडिओचे सेल काढून अंगणात उन्हात ठेवले होते. रेडिओ रिकामा होता. अन् बाबा हेडफोन लावून मान डोलवून राहिले होते.

मी तशीच मोरीत जाऊन उगाच पाय धूत बसली. मग एकेक ध्यानात येत गेलं. पस्तीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात गेली. तिथं सगळे ओठ वाचूनच बोलतात, अन् बाबा घरीही आपले ओठच वाचतात. मग मी पाच वर्षांची असल्यापासून गाऊन राहिली अन् ते छान, फार छान म्हणतात, ते काय ऐकून? काल त्यायले मोठ्या दवाखान्यात नेलं; तिथले डॉक्टर म्हणतात, डावा कान गेला, उजव्यात थोडं बाकी आहे, तेही वर्ष-दोन वर्षांत जाईल. चांगल्या यंत्रातून मोठा, साफ आवाज थेट कानात सोडला तर कदाचित ऐकू येईल.

मले एकदाच बाबांनी खरंच ऐकलेलं पाहिजे. तिकडे काही मिळते का पाहून कळव. माया आहेच, पण पत्राले उशीर करू नको.

तुझी,
प्रेमिलाताई


कुवेत
दि. २ ऑक्टोबर १९७९

ती. प्रेमिलाताईस चंद्रभानचा सविनय जयभीम, वि. वि.

रेडिओवर गाणारी बहीण आहे म्हणून इथं खोलीतल्या लोकांनी मले तीन दिवस चहा पाजला. लहानपणी तू पहाटे उठून रियाज करे अन् मी तुह्यावर उशी फेको, ते त्यायले सांगितलं नाही.

ताई, बाबांचं वाचून मले जेवण गेलं नाही. शाळेत असताना मी त्यायच्यासंगं रस्त्यानं चालाले लाजत होतो. ते भर चौकात ओरडून बोलत म्हणून दहा पावलं पुढं चालत होतो. बाबांनी कधी हटकलं नाही. ती लाज आता माझ्याच अंगावर आली.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानात गेलो. मी वायरमन माणूस, मले वाटे आवाजाच्या वायरीत नवीन काय असणार. दुकानदारानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवला अन् बाहेरचा सगळा रस्ताच गेला, वं. गाड्या गेल्या, माणसं गेली. एक बाई अरबीत गाऊन राहिली होती, ती मागं उभी आहे म्हणून मी वळून पाहिलं. वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून घासून गेलं तेवढंही ऐकू आलं. मले तिथंच डोळ्याले पाणी आलं, दुकानदार दुसरीकडे पाहाले लागला. माणसाच्या हातानं असं काही बनते, याचंच नवल वाटून राहिलं.

तोच घेतला. कामठीचा रुपराव पुढच्या महिन्यात घरी येऊन राहिला, त्याच्याजवळ देतो. याची पिन जाड आहे, आपल्या रेडिओचं भोक लहान. बळीराम रेडिओवाल्याकडून बारीक पिन जोडून घेजो.

आईले सांगजो, मी वाळलो नाही, फोटो खराब आला. तुम्हा सगळ्यांचा जीव माझ्यावर राहू द्या.

तुझा,
चंद्रभान


पाचपावली, नागपूर
दि. १३ डिसेंबर १९७९

चि. चंद्रभान यास धोंडबाचे अ. आ. व जयभीम.

हे पत्र मी स्वतः लिहून राहिलो. रात्रशाळेत शिकलो तेवढंच अक्षर आहे, समजून घे.

पहिलं खरं सांगतो. मी आणलेला हेडफोन भंगार होता. जन्मात याच्याहून वाईट वस्तू घेतली नाही. पहिल्याच दिवशी समजलं, त्यात काहीच येत नाही. पण पोट्टीच्या तोंडावर एवढी खुशी होती का सांगाची हिंमत झाली नाही. आता तू पाठवलेल्याले बारीक पिन जोडून घेतली अन् जुना बळीरामले देऊन टाकला.

मंगळवारी तुझ्या आईनं अख्खी गल्ली बोलावली. सतरंज्या टाकल्या, चहा ठेवला. प्रेमिला दुपारीच रेडिओ स्टेशनवर गेली होती. ऐन वेळेवर आम्हाले आठवलं का हेडफोनची पिन घातली तर रेडिओचा बाहेरचा आवाज बंद होते, अन् नाही घातली तर मी बहिरा. दुसऱ्या घरून रेडिओ आणावा तर पावणेआठ वाजले, गाण्याची वेळ झाली होती. मी म्हटलं, राहू द्या, इतके लोक आले, त्यायनं ऐकावं. माझ्या जोडीच्या मागावरचा बापूजी तुले माहीत आहे. त्यानं माझ्या हातातून पिन घेतली अन् रेडिओत खुपसली. म्हणाला, “आम्ही मागून ऐकू. तू ऐक, धोंडबा.”

मग ती गाऊ लागली. बाबू, काय सांगू तुले. इतकी वर्षं त्या पोट्टीचे ओठ पाहून मी मनातल्या मनात तिले एक आवाज देऊन ठेवला होता, बारीक, चिमणीसारखा. तो तिचा नव्हताच. तिचा आवाज भरदार आहे, पोटातून येते. माझ्याच घरात असा आवाज राहत होता अन् मले पत्ता नव्हता. मी हात जोडून बसलो, कोणाले जोडले ते समजलं नाही.

समोर तीस माणसं गपचूप माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. माझे ओठ आपोआप हलत होते, गिरणीच्या खात्यात हलत तसे. गिरणीतले जुने लोक ते वाचून बायकापोरायले सांगत गेले. गाणं संपलं तेव्हा शेजारची प्रयागबाई पदरानं डोळे पुसून राहिली होती, अन् तिच्या कानावर तर एक सूरही पडला नव्हता.

तू दिलेली ही वस्तू मी धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवतो. तब्येतीले जप. इथं सगळ्यायची तुझ्यावर माया आहे, तशी तुझी आमच्यावर राहो.

तुझा बाप,
धोंडबा


पाचपावली, नागपूर
दि. १४ डिसेंबर १९७९

चि. चंद्रभान यास सप्रेम जयभीम, वि. वि.

बाबांनी काल तुले लिहिलं, पण मी घरी आल्यावर काय झालं ते त्यात नाही. म्हणून लगेच लिहून राहिली.

मी स्टेशनवरून आली तर गल्लीच्या तोंडापासून सगळे छान छान म्हणून राहिले. पिनेचा किस्सा आईनं दारातच सांगितला, तेव्हा समजलं का यांपैकी कोणीच ऐकलं नाही. बाबा हेडफोन गळ्यात अडकवून खाटेवर बसले होते. मले वाटलं, ते नेहमीसारखे छान म्हणतील, मग खरं काय ते मले जन्मभर समजणार नाही.

बाबांनी मले हातानं जवळ बोलावलं. मग कपाळाले आठी घालून म्हणाले, “दुसऱ्या गाण्यात शेवटी तुझा दम तुटला. काहून वं?”

तुटला होता गा, चंद्रभान. एका अक्षरापुरता. तबलेवाल्यांनाही समजलं नव्हतं, आकाशवाणीचे साहेबही उत्तम म्हणाले होते. मी तिथंच जमिनीवर बसली अन् रडत सुटली. आई बाबांवर धावून गेली, पोट्टी रेडिओवर गाऊन आली अन् तुम्ही खोट काढता म्हणून. बाबा बिचारे घाबरून खाटेच्या कोपऱ्यात सरकले.

मी डोळे पुसले, त्यायच्यासमोर तोंड नेलं अन् सावकाश म्हटलं, “बाबा, अजून सांगा.”

त्यांनी आणखी दोन चुका सांगितल्या. दोन्ही बरोबर होत्या.

तुझ्या मायेतली,
प्रेमिलाताई